तिसऱ्या ओळीतली उडी

तो ठिपका तसा मोहरीएवढाच होता — फार तर मोहरीपेक्षा अंमळ थोराड, कारण त्या दिवशी पेनाचं निब पसरलेलं होतं — आणि तिसऱ्या ओळीच्या दुसऱ्या घरात, इतर चार ठिपक्यांच्या पाठीला पाठ लावून, रांगेत मागून घुसूनही आपला नंबर पहिल्यापासून इथंच होता असा चेहरा करणाऱ्या माणसासारखा तो सव्वीस वर्षं उभा होता. संगीताच्या बाईंनी धुनेच्या कागदाचा पिवळा चिमटा काढला — वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून बँडमधल्या प्रत्येक वाद्याला कपडे वाळत घालायचा एकेक चिमटा, ही त्यांचीच युक्ती, पण ती कुणाच्या लक्षात राहिली नाही — आणि कागद खिडकीकडे धरून मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचच. या संगीताच्या खोलीतल्या वाळवीनं आजवर जुनी हजेरीपुस्तकं खाल्ली, नाटकाचा मखमली पडदा खाल्ला, एका ढोलाची अख्खी लाकडी कड खाल्ली, पण हा एवढासा ठिपका काही तिला खाववला नाही.

दोन उभ्या रेघांमधलं एक घर आणि घरात चार ठोके — डावा, उजवा, डावा, उजवा — एवढंच तर संचलनाच्या धुनेचं गणित, ते पहिलीतल्या मुलालाही कळतं, नव्हे, त्यालाच आधी कळतं. या एका घरात मात्र पाच. म्हणजे पुढच्या घराचा पहिला, जोराचा ठोका, जो डाव्या पायावर पडायला हवा, तो उजव्यावर येणार आणि तिथून शेवटपर्यंत बेचाळीस मुलांचा बँड उलट्या पायांनी चालणार. ते टाळायचं तर पाचव्या ठोक्याला उजव्याच पायावर पुन्हा एकदा, जागच्या जागी, लहानशी उडी मारायची, की पुढचा डावा बरोबर पडतो. ही ती उडी. आमच्या शाळेची उडी, जी आसपासच्या चार शाळांनी उचलायचा प्रयत्न केला आणि त्यांच्या धुनेत पाचवा ठोकाच नसल्यानं त्या चारही शाळांची मुलं एकमेकांच्या अंगावर पडली.

टेबलावर मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिकांची, चिठ्ठी होती. शाळेला या वर्षी पन्नास वर्षं होत होती, आणि समितीनं असं ठरवलं होतं की मैदानात व्यासपीठासमोर, जिथे दरवर्षी नेमकी उडी पडते तिथे, जमिनीत एक पितळी पट्टी बसवायची आणि तिच्यावर उडीचा अर्थ दोन ओळींत कोरायचा. 'तुमच्याशिवाय कोण लिहिणार? पट्टी कोरणारा चारला येईल. दोनच ओळी, पण मनापासून.' मनापासून या शब्दाखाली रेघ होती. बाईंनी ती रेघ बराच वेळ पाहिली.

अर्थांना काही तोटा नव्हता. त्या वेळच्या मुख्याध्यापकांनी पहिल्या उडीच्या दुसऱ्याच दिवशी प्रार्थनेनंतर सांगितलं होतं, की मुलांनो, वाटेत अडथळा आला तर थांबायचं नाही, उडी मारायची. त्यांच्यानंतरचे म्हणाले, हा बालपणीचा आनंद आहे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा लिहिला की लहानथोर सगळे एकाच उंचीची उडी मारतात, सबब ही समता आहे. विज्ञानाचे सर तर गुरुत्वाकर्षण शिकवतानाही... आणि बाई प्रत्येक वेळी मान खाली घालून, मूग गिळून, विनयशील दिसत बसल्या होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं. पण सव्वीस वर्षं मूठ झाकून ठेवली की बोटं उघडायची विसरतात, हे म्हणीत कुठे सांगितलेलं नाही.

शिवाय मूठ आता एकट्या बाईंच्या हातात राहिली नव्हती. चार दिवसांपूर्वी नव्या बाई — त्यांच्या हाताखाली नुकतीच लागलेली मुलगी, जी याच शाळेत शिकली होती, आणि दातांना तारा असल्यानं जिला फुंकायचं वाद्य देता आलं नव्हतं म्हणून दोन वर्षं बिचारीनं नुसता त्रिकोण वाजवला होता — ती जुने हातानं लिहिलेले कागद संगणकावर चढवत होती. चढवता चढवता थांबली. म्हणाली, "बाई, याच्यापुढे तो घेतच नाहीये. लाल करून दाखवतोय."

"कोण?"

"संगणक. म्हणतोय, या घरात पाच ठोके आहेत. मुद्दाम आहेत ना?"

विचारलं अगदी सरळ. डोळ्यांत श्रद्धा. खडा टाकून बघणारी मुलगी नव्हे ती — पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं बाईंना त्या प्रश्नात निदान चार अर्थ दिसले, आणि त्या म्हणाल्या, "बघते." तेव्हापासून चार दिवस हे 'बघते' त्यांच्याबरोबर जेवत होतं, झोपत होतं, आंघोळीच्या पाण्यात हात घालून ते किती गरम आहे ते पाहत होतं. सव्वीस वर्षांत जे तपासणीच्या साहेबाला दिसलं नाही, पाहुण्यांना दिसलं नाही, बापलेकांच्या दोन पिढ्या जे वाजवून गेल्या त्यांना दिसलं नाही, ते एका यंत्राला पहिल्या पाच मिनिटांत दिसलं, आणि त्यानं लाजबीज न बाळगता लाल करून दाखवलं.

काय होतं तेव्हा... रविवार होता. दुपार. आपण तिशीच्या, नोकरीला आठ महिने झालेले, आणि संचलनाची धून आपली स्वतःची, पहिली, तिच्या बेचाळीस प्रती जेवणाच्या टेबलावर बसून हातानं उतरवायच्या होत्या. नणंद राहायला आलेली. ती भिंतीशीही दोन तास बोलू शकते, आणि भिंत मध्येच 'हो का?' म्हणते असं घरात सगळे मानतात. गॅसवर कुकर, कुकरमध्ये बटाटे. नणंद म्हणाली होती, "वहिनी, तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर हं, मी जरा आडवी होते," आणि आडवी होऊनही बोलतच राहिली होती. तर असं — हाताखाली ठोके, कानात शिट्ट्या. एक दोन तीन चार. रेघ. एक दोन तीन चार. रेघ. शिट्टी, ती एक. एक दोन तीन चार — आणि त्या चारच्या मागोमाग, अगदी लयीत, कुकरनं शिट्टी दिली, आणि हातानं इमानेइतबारे एक ठिपका काढला. पाच. मग रेघ.

कुकरच्या हिशेबात ती शिट्टी अर्थातच कमी पडली. तीनच्या चार झाल्या, बटाट्यांचा लगदा झाला, आणि नणंदेनं झाकण उघडून, वाफेतून, म्हटलं, "गाण्याबजावण्यातली माणसं, आणि शिट्ट्या तेवढ्या मोजता येऊ नयेत." तो टोमणा बाईंना त्या वेळी लागला. तो किती अचूक होता हे कळायला पुढे सहा आठवडे जायचे होते. पहिल्या प्रतीवरून उरलेल्या एक्केचाळीस प्रती उतरवल्या त्या अगदी डोळ्यांत तेल घालून, एकही चूक न करता, पाचव्या ठिपक्यासकट.

खोलीत सातवी आली. बासऱ्या, क्लॅरिनेट, दोन बिगुल. सरकलेल्या खुर्च्यांचा आवाज. "बसा. पोटात श्वास, खांदे खाली," बाई म्हणाल्या आणि हात वर केला, आणि सगळ्यांनी मिळून एक लांब सूर धरला — आधी पिचका, मग हळूहळू गोल होत गेलेला, आणि साताठ सेकंदांनी, जेव्हा डावीकडच्या दोघींनी आपलं आपण ऐकून सूर एक केसभर वर घेतला, तेव्हा सबंध खोली एकाएकी स्वच्छ झाल्यासारखी वाटली. हे. हे आपण करतो. सांगावं लागलं नाही त्या दोघींना. त्यांना ऐकू आलं. ऐकू यायला दोन वर्षं लागतात आणि ती दोन वर्षं कुणीतरी रोज सकाळी या खोलीत उभं राहून घालवावी लागतात. पण हे पितळेवर कोरा असं म्हणायला अजून कुणी आलेलं नाही.

गेल्या महिन्यात दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. डॉक्टर जुना विद्यार्थी. बाईंचा जबडा उघडा, जिभेखाली कापूस, एका बाजूला थुंकी ओढणारी नळी, आणि तो आरसा हातात घेऊन म्हणाला, "बाई, ओळखलंत? उडी," आणि तिथल्या तिथे उजव्या पायावर मारून दाखवली. त्याची मदतनीस टाळ्या वाजवायला लागली. बाईंनी 'आआ' केलं. त्यांना म्हणायचं होतं की तू क्लॅरिनेट वाजवायचास, तुझी बोटं आखूड होती म्हणून तुला मी बोटांचा वेगळा व्यायाम लिहून दिला होता, वहीत, हिरव्या शाईनं, आठवतं का? आठवत नव्हतं त्याला. त्याच आखूड बोटांनी तो आता दाढा उपटत होता, आणि छान उपटत होता. गावभर बाईंना 'उडीच्या बाई' म्हणत, अगदी प्रेमानं म्हणत, आणि प्रत्येक वेळी बाईंच्या पोटात बटाट्याचा एक लहानसा गोळा उठत असे. सव्वीस वर्षं जे नीट केलं ते हवेत विरून गेलं आणि जे चुकलं ते अमर झालं — आता तर पितळेत. कागदावरचा ठिपका निदान खरवडता येतो.

दुपारी अडीचला मैदानावर सबंध बँडची तालीम. नव्या बाई दोन गठ्ठे घेऊन आधीच उभ्या होत्या, दोन्ही स्वच्छ छापलेले.

"हा जुना, जसाच्या तसा. आणि हा चार ठोक्यांचा, मी नुसता काढून ठेवलाय हं. तुम्ही म्हणाल तो वाटते."

बाईंनी दोन्ही गठ्ठ्यांकडे पाहिलं. तेव्हा त्यांना एकदम असं वाटलं की हे किती सोपं आहे. चारचा वाटायचा. ठोका नाही, म्हणजे उडी नाही. उडी नाही, म्हणजे पट्टी नाही. पट्टी नाही, म्हणजे दोन ओळी नाहीत, आणि कुणाला काही सांगावंही लागणार नाही. एका कागदानं सव्वीस वर्षं पुसली जातील. बघणारे म्हणतील, बाईंनी धून जरा सुधारली. सुधारलीच तर आहे.

"चारचा," त्या म्हणाल्या, आणि मुलांना सांगितलं, "आज उडी नाही."

बेचाळीस मुलांचे चेहरे असे पडले की जणू मधली सुट्टी रद्द झाली. ढोलवाल्या मुलीनं — ती अंगानं ढोलाएवढीच होती, आणि ती न दिसता नुसता ढोलच चालत येतोय असं समोरून वाटे — तिनं फक्त विचारलं, "का?" बाईंनी काठी वर केली.

ड्रिलचे सर त्यांच्या नेहमीच्या जागी, रांगेच्या उजव्या हाताला, शिट्टी गळ्यात, पाठ ताठ. त्यांचं शेवटचं वर्ष. त्यांचं आणि बाईंचं एके काळी विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. मैदान कुणाचं, तास कुणाचा, आणि मुख्य म्हणजे बँडच्या पुढे कोण चालणार, यावरून आठ महिने दोघं एकमेकांशी फक्त शिपायामार्फत बोलत. म्हणून तर ते घडलं होतं. धून खोलीत बसून बसवली बाईंनी, चालणं मैदानावर नुसत्या शिट्टीवर बसवलं सरांनी, आणि दोन्ही एकत्र पहिल्यांदा झालं ते थेट वार्षिक संचलनाच्या दिवशी, पाहुण्यांसमोर. पुढे चालायचा हट्ट सरांचा होता, तो त्यांनी पुरा केला होता. तिसरी ओळ आली, पाचवा ठोका पडला, आणि बाईंना — त्या मागून चालत होत्या — पाठमोऱ्या मुलांच्या बेचाळीस टाचा एकदम गोंधळलेल्या दिसल्या. तेवढ्यात सरांनी मान न वळवता, पाऊल न चुकवता, नुसतं "उडी" म्हणून आज्ञा दिली आणि स्वतः मारली. मागच्यांनी मारली. धून तीनदा वाजायची होती. दुसऱ्यांदा सगळ्यांनी मारली, तिसऱ्यांदा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन बाईंनी कागद काढला, मोजलं, आणि कुकरकडे पाहिलं.

उद्या सांगू, असं तेव्हा ठरवलं होतं. पण उद्या प्रार्थनेनंतर अडथळ्याचं भाषण झालं, आणि त्यानंतरच्या प्रत्येक उद्याला सांगणं कालच्याहून थोडं जास्त जड झालेलं असे.

आता धून सुरू झाली. पहिली ओळ. दुसरी. चांगली वाजत होती; बाईंच्या कानाला सूर लागला की त्यांचं बाकी सगळं थोडं मागे सरकत असे. तिसरी. पहिलं घर, दुसरं घर, एक दोन तीन चार, आणि सरळ पुढच्या घरात — गुळगुळीत, कुठे खाच नाही, खड्डा नाही, इतर शाळांचे हजार बँड वाजवतात तसं — आणि निम्म्या मुलांनी उडी मारली. ठोका नव्हता, पण पायांना कुठे छापील कागद वाटले होते? निम्मे उडाले, निम्मे चालत राहिले, ढोल पुढच्या बिगुलवाल्याच्या पाठीवर आपटून एकदम जास्तीचा वाजला, झांजा घरंगळत गेल्या. आणि बाजूनं काठी घेऊन चालणाऱ्या बाईंनी, छप्पन्न वर्षांच्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या बाईंनी, खाली पाहिलं तेव्हा त्यांचा डावा पाय हवेत होता.

सरांची शिट्टी वाजली. ते सबंध मैदान ओलांडून आले, संथ, जसे ते एखाद्या नाठाळ मुलाकडे जात तसे.

"बाई, माझी उडी कुठे गेली?"

माझी... बाईंना तो शब्द जरा टोचला. मग आश्चर्य वाटलं, की आपल्याला तो का टोचावा. "इकडे या सर, जरा," त्या म्हणाल्या, आणि दोघं कडेच्या पाण्याच्या नळांपाशी गेले. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. बाईंच्या मनात आलं, सांगून टाकावं. पहिल्यांदा यांनाच सांगावं. पहिल्यांदा यांनाच निस्तरावं लागलं होतं.

"त्या ओळीत एक ठोका जास्त आहे, सर."

"आहेच."

"तुम्हाला माहीत आहे?"

"मला सा कळत नाही की रे कळत नाही, बाई. पण पाय कळतात. चाराच्या जागी पाच आले की पायाला कळतं. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

सर हसले. सव्वीस वर्षांत बाईंनी त्यांना इतकं आतून हसताना पाहिलं नव्हतं. "बोलायचं काय त्यात? पुढे कोण चालणार यावरून आपलं वाजलेलं. मी हट्टानं पुढे चाललो, आणि तुम्ही माझ्यासाठी तिसऱ्या ओळीत खड्डा खणून ठेवलात. बरोबर पाहुण्यांसमोर. काय नेम होता, बाई. त्याच दिवशी घरी जाऊन आमच्या हिला सांगितलं, शाळेत एक आलीय, दिसते गरीब गाय, पण डोकं बघ तिचं. जावयाला सांगितलं. नातू तर रोज रात्री तीच गोष्ट मागतो, बाईंनी खड्डा खणला आणि आजोबांनी उडी मारली. त्या दिवसानंतर मी तुमच्याशी तासावरून भांडलो का? बुधवारचं मैदान आपण होऊन दिलं. म्हटलं, या डोक्याशी वैर परवडायचं नाही."

नळ ठिबकत होता. बाई ऐकत होत्या, आणि त्यांना बुधवार आठवत होते, एकापाठोपाठ एक, शेकडो बुधवार, ज्यांचं कारण त्यांना कधी कळलं नव्हतं. त्या समजत होत्या की माणूस वयानं निवळला.

"सर, तसं काही नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "ती चूक होती." आणि मग सगळंच सांगितलं — रविवार, नणंद, तीन शिट्ट्या, बटाटे. दीड मिनिट लागलं असेल. एवढ्यासाठी आपण सव्वीस वर्षं घेतली याचं त्यांना हसूही आलं, आणि त्यांनी मान वर केली ती बरोबरीनं हसायला.

सर हसत नव्हते. त्यांनी शिट्टी हातात घेतली होती आणि तिच्यातल्या मण्याकडे ते पाहत होते.

"चूक," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे, मला पाडायला नव्हतं ते?"

पहिला नंबर आलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी बोलावून सांगावं की बाळ, बेरीज चुकली होती, तसा तो ताठ पाठीचा म्हातारा उभा होता. जावई, नातू, बायको, सगळे त्याच्या मागे उभे होते आणि प्रत्येकाला घरी जाऊन काहीतरी सांगावं लागणार होतं. कुकरच्या शिट्टीवरून मारलेली उडी. बाईंना वाटलं, हे मी काय केलं? आपल्या मनावरचा धोंडा उचलून आपण तो चांगल्या माणसाच्या पायावर टाकला, तोही निवृत्तीच्या तोंडावर. वाईट वाटलं त्यांना, फार वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यातूनच, विचार पुरा व्हायच्या आत, त्यांचा आवाज बाहेर पडला:

"कुकरचं आत्ता सुचलं मला. म्हटलं बघू, विश्वास बसतो का."

सरांनी मान वर केली.

"मुद्दामच घातला होता ठोका. तुम्हालाच पाडायला. फार माजला होतात तुम्ही तेव्हा, सर."

मग सरांची पाठ, आधीच ताठ होती ती, आणखी बोटभर वर गेली. "कुकर म्हणे," ते म्हणाले. "बटाटे म्हणे. जायच्या वर्षीसुद्धा सोडायचं नाही माणसाला, काय?" आणि वळून मैदानाकडे चालू लागले, मध्येच थांबून एकदा मागे बघत, मान हलवत, पुटपुटत, "लबाड ते लबाड."

बाई नळापाशीच राहिल्या. पलीकडे नव्या बाई दोन्ही गठ्ठे छातीशी धरून त्यांच्याकडे बघत होत्या, मुलं पुन्हा रांगेत लागत होती, ढोलवालीनं ढोलाआडून हात वर केला होता आणि ओरडून विचारलं होतं, "बाई, कुठला वाजवायचा?" त्यांनी हातानंच थांब म्हटलं. सव्वीस वर्षांत आपण एकदा खरं बोललो, मिनिटभर टिकलं नाही ते. लाज वाटायला हवी होती. त्या वाट पाहत राहिल्या, पण लाज काही आली नाही. तिच्या जागी भलतंच कुणीतरी आलं होतं.

ती बाई. तिशीची, जेवणाच्या टेबलाशी बसलेली, नणंद बोलतेय तर बोलू दे, कुकर ओरडतोय तर ओरडू दे, बटाट्यांचं काय व्हायचं ते होवो — आणि गालात हसत, ओठ चावत, तिसऱ्या ओळीच्या दुसऱ्या घरात सावकाश, मोजून, पाचवा ठिपका काढणारी. सरांना पहिल्या दिवसापासून दिसलेली. ती गेली सव्वीस वर्षं सरांच्या घरी राहिली, त्यांच्या बायकोशी तिची ओळख झाली, जावयानं तिला मानलं, नातू तिच्या धाकानं रोज झोपला. आणि इकडे मी, संगीताच्या खोलीत, खांदे खाली म्हणत, मान खाली घालून... कुणी मला कधी इतकं वाईट समजलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, नणंदेनं नाही. माझी मीसुद्धा नाही. आपल्यात एवढी लबाडी असेल असं दुसऱ्या कुणाला इतकी वर्षं मनापासून वाटत होतं, या विचारानं बाईंना गालातल्या गालात हसू आलं, आणि बटाट्याचा गोळा या वेळी उठला नाही.

शाळेच्या इमारतीतून मोठ्या बाई बाहेर पडल्या. त्यांच्यामागून चारच्या आधीच आलेला कोरणारा, एक हडकुळा माणूस, काखेत मोजपट्टी, डोळे जमिनीवर, पट्टी कुठे बसवायची ती जागा शोधत. मोठ्या बाईंनी लांबूनच हात वर करून दोन बोटं दाखवली. दोन ओळी. बाईंनी पर्स उघडली, कागद काढला, पेन काढलं. लिहिता दोन्ही आलं असतं. कुकरचं खरं आता सांगायला सोपं झालं होतं, जीभ एकदा त्या रस्त्यानं जाऊन आली होती, आणि मोठ्या बाई फार तर हसल्या असत्या. त्या जवळ जवळ येत होत्या, आणि पेनाचं टोक कागदावर टेकवून उभ्या असलेल्या बाईंच्या लक्षात आलं की पकडलं जायची भीती आपल्याला आता जराही वाटत नाहीये. भीती वाटतेय ती त्या दुसरीची, नुकत्याच भेटलेल्या त्या लबाड बाईची, की आपण खरं लिहिलं तर ती जाणार कुठे.